आळीचा पाळणा

“पण बुवा, गाव वाचवलं की नाही मी?”

मोरेश्वर भोईरने पुन्हा विचारलं. दाजीबुवा जुन्या लाकडी पाळण्यापाशी थांबले होते.

उद्या संग्रहालयाचं उद्घाटन. भातशेती गेली, मिठागरं गेली, पाणखार गावाचं ‘पाणखार वेस्ट’ झालं. मोरेश्वरने मात्र कुणाच्या पाया पडून, कुणाशी भांडून सारं गाव गोळा केलं होतं. इरली, कणग्या, मिठागरातली लाकडी फावडी... सगळं काचेआड. पाळणा तेवढा काचेत मावेना, म्हणून त्याच्याभोवती लाल दोर.

लहानपणी ज्या बुवांनी त्याला देवळात भजन शिकवलं, त्यांनी एकदा शाब्बास म्हणावं, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता.

“हा कुणाचा रे?”

“विसरलात? आपल्या आळीचा! जिथे बाळंतपण, तिथे जायचा. मीही यातच निजलो.”

“आणि या चिंध्या?”

“एकही सोडली नाही, बुवा. पाळणा ज्या घरी जाई, तिथली म्हातारी लुगड्याची चिंधी दांडीला बांधायची. ही हिरवी आमच्या आजीची.”

त्याने ती चिंधी बोटांनी सरळ केली. आजीच्या लुगड्याचा तो हिरवा रंग आता कुठल्या दुकानात मिळत नव्हता.

“मग आता कोण निजतं यात?”

“आता कोण निजणार? टॉवरमधली माणसं, कुठून कुठून आलेली. त्यांना काय त्याचं!”

“हं...”

तेवढ्यात दारातून रडं ऐकू आलं. कडेवर तान्हं घेऊन एक बाई उभी होती.

“दार उघडं दिसलं... आम्ही समोरच्या टॉवरमध्ये राहतो. ही सकाळपासून रडतेय, घरात ठरतच नाही.”

“आज बंद आहे. उद्या या,” मोरेश्वर म्हणाला.

बुवांनी हात पुढे केले. “दे बाय इकडे. नाव काय हिचं?”

“अजून ठेवलं नाही. इथे आमचं कुणी माणूस नाही ना.”

बुवांनी लाल दोर ओलांडला, पाळण्याच्या कड्या ओढून पाहिल्या आणि पोरीला आत ठेवलं.

“बुवा! अहो, खराब होईल! उद्या पाहुणे येणार...”

मोरेश्वर धावला. थांबवायला म्हणून त्याने पाळण्याची दोरी धरली.

कड्या कुरकुरल्या.

तो आवाज... मोरेश्वर जागच्या जागी थिजला. त्याने पाळणा पुसला होता, तेलपाणी केलं होतं, फोटो काढले होते. हा आवाज मात्र तो साफ विसरला होता. डोळे भरून आले. त्याच्याही नकळत त्याचा हात दोरी ओढू लागला.

कुर्र... कुर्र...

बुवा हलकेच गुणगुणत राहिले. बाई पाळण्याशेजारी खाली बसली. रडं मुसमुसण्यावर आलं आणि थांबलं.

बुवांनी उपरण्याची किनार फाडली. ती चिंधी बाईच्या हातात दिली आणि दांडीकडे बोट केलं. तिने ती हिरव्या चिंधीशेजारी बांधली.

मोरेश्वरला राहवेना.

“बुवा, आता तरी सांगा! गाव वाचलं की...”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल, मोरेश्वरा. गावाचा आत्ता कुठे डोळा लागलाय.”