मठातल्या गाईचं लोढणं

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या यांनी विचारलं, "बाबा, पळणं वाईट आहे का?"

गोसावीबाबा मठाच्या अंगणात शेण भरत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"कोण म्हणतं?"

"ही." यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी बाळाला कडेवर घेऊन उभी होते. तीन रविवार झाले, हे ओळीनं तीन मॅरेथॉन पळाले. वय शेहेचाळीस. उजवा गुडघा नारळाएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर थांबा. येत्या रविवारी चौथी आहे, घाटातली. तिच्यासाठी बाबांचा आशीर्वाद घ्यायला हे तिन्ही पदकं गळ्यात घालून मठाचा डोंगर चढले. मला घरी बसवेना, म्हणून मी मागोमाग आले.

"चौथी पळू नका, एवढंच म्हणते मी," मी म्हटलं.

"हिला काय कळतंय त्यातलं," हे म्हणाले.

"आणि गुडघ्याला?" बाबांनी विचारलं.

हे अंगणात येरझाऱ्या घालायला लागले, लंगडत लंगडत.

"बस की सयाजी."

"बसवत नाही, बाबा."

"का?"

"आमचा बाप सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. ओट्यावर बसल्या बसल्या... मी थांबलो की माझंबी तेच होणार."

एवढ्या वर्षांत हे मला कधी बोलले नव्हते.

बाबांनी पाटी खाली ठेवली.

गोठ्यापाशी गाय उभी होती. दावं नव्हतं, पण गळ्यात लोढणं होतं. पळकं जनावर लांब जाऊ नये म्हणून लाकडाचा ओंडका अडकवतात, तो. मान हलली की तिच्या पुढच्या पायांवर आपटायचा. तिथले केस गेले होते.

"हिला कशाला हे?" यांनीच विचारलं.

"वासरू मेलं तिचं. ओढ्याकाठी पुरलं. सारखी तिकडं पळत सुटायची."

"कधीची गोष्ट?"

"दोन पावसाळे झाले असतील."

"मग अजून पळते का?"

"काढून कुठं बघितलंय?"

...

बाबा गाईपाशी गेले. लोढणं सोडलं आणि बाजूला टाकलं.

"पळाली तर तू आण. पळणारा तू आहेस."

हे फाटकात जाऊन उभे राहिले, अंग ताठ करून. पदकं एकमेकांवर वाजत होती. मी बाळाला घट्ट धरलं.

गाय दोन पावलं पुढं आली. मान झटकली. ओढ्याकडं बघितलं...

मग खाली बसली आणि रवंथ करायला लागली.

हे उभेच. आता उठेल, मग उठेल. उन्हं अंगणात आली. गुडघा थरथरायला लागला, तशी यांनी भिंत धरली आणि मठाच्या ओट्यावर बसले. पाय लांब केला.

मी त्यांच्या छातीकडं बघत राहिले. वर-खाली होत होती.

थोड्या वेळानं त्यांनी पदकं काढली आणि बाळाच्या हातात दिली.

"बाबा," हे म्हणाले, "मग येत्या रविवारी..."

बाबा लोढण्यावरची माती झटकत होते.

"खाली उतरलास की गावात सांग. कुणाचं जनावर पळत असेल, तर इथं एक लोढणं रिकामं आहे."