हळू बोलणारा तांडेल

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्या तळसवाडीत एकही शहाणा माणूस नव्हता. आताही नाही, पण तेव्हा लोक तसं कबूल करायचे.

तळसवाडीचं पोट रापणीवर. होडीतून समुद्रात मोठं गोल जाळं टाकायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांनी ओढायचे. कधी ओढायचं, कधी थांबायचं ते तांडेल सांगणार. म्हातारा तांडेल ओरडला की माडावरचे नारळ गळायचे, असं म्हणतात. तो गेला आणि गावाने देवाला कौल लावला. देवाने नाव दिलं रवळूचं!

रवळू म्हणजे कोंबडीला हाकलतानाही "जातंस काय गो?" असं विचारणारा माणूस. लोक पोट धरून हसले. सगुण मेथर सगळ्यांत मोठ्या गळ्याचा. तो म्हणाला, "ह्यो 'ओढा' म्हणतलो, तवसर मासे गोव्याक पोचतले!"

रवळूलाही तेच वाटत होतं. तो एकटाच देवळात गेला. "देवा, माका ह्या जमाचा नाय. तुझी चूक झाली." देव काही बोलला नाही. देवही हळूच बोलत असणार.

पहिल्या दिवशी रवळूने म्हाताऱ्यासारखं ओरडून पाहिलं. गळ्यातून कोंबडा आरवला. एक रांग हसत बसली, दुसरी ओढत राहिली, जाळं वाकडं झालं आणि मासे सुखरूप घरी गेले. त्या दिवशी गावाने नुसत्या सोलकढीशी भात खाल्ला. रवळूने तोही खाल्ला नाही. तांडेलकी सोडायची, असं त्याने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जाळं टाकून होडी वळली आणि लाटेने उलटली. सगुणचा धाकटा भाऊ भिवा जाळ्याच्या पोटात पडला. दोर हिसकले तर जाळ्यात गुंडाळून बुडणार, सोडले तर पाण्याच्या ओढीबरोबर खोल जाणार. रवळू सगुणला म्हणाला, "तूच सांग बाबा. तुझो आवाज मोठो."

सगुण ओरडला, "ओढा!" आता आमच्या लोकांची खोड सांगतो. एक रांग जोरात ओढते म्हटल्यावर दुसरी तिच्याहून जोरात ओढणार. दोन्ही रांगा इरेला पेटल्या, जाळं पिळलं, भिवाचं डोकं पाण्याखाली गेलं. सगुण "थांबा, थांबा" ओरडू लागला, पण त्या गलक्यात कोण ऐकतो!

तेव्हा रवळू चालू लागला. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कानाशी म्हणायचा, "हळू. बाजूच्याबरोबर." एक गप्प झाला, मग दुसरा. पुढच्याला ऐकू यावं म्हणून मागचे गप्प. शेवटी सगळा किनारा मुका झाला. समुद्रानेही ऐकण्यासाठी लाटा खाली बसवल्या, असं म्हणतात. मी म्हणत नाही, पण माझी आजी म्हणायची आणि तिला खोटं पाडायची कोणाची छाती नव्हती.

जाळं पाळण्यासारखं आलं. त्यात भिवा जिवंत, बाळासारखा झोपलेला, आणि त्याच्याभोवती इतकी सुरमई की चांदी सांडल्यासारखी वाळू चमकली.

सगुण पाया पडायला वाकला. "तूच रे आमचो तांडेल."

"मी काय केलंय? तुमीच ओढलास," रवळू म्हणाला. मग दोन्ही रांगांमधून फिरत तो प्रत्येकाचा हात धरून म्हणाला, "तू होतंस म्हणान." म्हणजे, तू होतास म्हणून हे जमलं. आणि तांडेलकी मात्र त्याने सोडली नाही. मरेपर्यंत केली, हळू आवाजात.

अजूनही हंगामाची पहिली रापण आम्ही मुक्याने ओढतो. ओढून झाली की पुढून एकेकाने मागे वळायचं, मागच्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "तू होतंस म्हणान." आणि वर्षभरात ज्यांची भांडणं झाली त्यांना मुद्दाम पुढेमागे उभं करतात. गेल्या वर्षी माझ्यामागे माझे व्याही होते. वळलो, हात धरला, म्हणालो. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

वारा खारा होता, असं म्हणतात.