नावाचा पाटा

चपला तिकडे काढा आणि या, बसा. त्या काळ्या दगडावर मात्र नका बसू. मध्ये खोलगट झालेला तो दगड म्हणजे आमच्या तेरडवाडीचा नावाचा पाटा. मघाशी वाट चढताना कोणी बाई भांडते आहे असं तुम्हाला वाटलं ना? ती माझी सून. तुमच्यातल्या ह्या ताईंचा खोकला तुम्ही खाली होतात तेव्हाच तिने ऐकला आणि काढ्याचा पाला ठेचायला बसली. छातीतल्या कफावरचं औषध आमच्याकडे घरात ठेचत नाहीत. इथे, चार माणसांच्या वाटेवर, आणि एकेक जिन्नस मोठ्याने नाव घेऊन ठेचायचा. नावं संपेपर्यंत वाटेने जाणाऱ्याने थांबायचं, मग त्याला कितीही घाई असो. शेवटचं नाव कुठल्या झाडाचं, असं तुम्ही विचारलंत. ते झाड नाही. ऐका.

फार मागची गोष्ट. तेव्हा वाडीत बुधाई नावाची बाई होती. पोरांचा कफ काढावा तर तिनेच, असं सांगतात. छाती घरघरायला लागली की लोक पोर घेऊन तिच्या दारात यायचे. रुईचं पान गरम करून छाती शेकणं, ओव्याची पुरचुंडी हुंगवणं हे काय, सगळ्याच बाया करायच्या. पण बुधाईच्या काढ्यात एक पाला असा होता, की तो पडला की कफ सुटलाच. तो कसला, हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्याने मरताना तिला तो दाखवला आणि शपथ घातली होती, की या पाल्याचं नाव तोंडातून गेलं किंवा तोडताना कोणी पाहिलं, तर त्याचा गुण जाईल. मग तो कोणाच्याच पोराला लागू पडणार नाही.

तिला आपमतलबी म्हणू नका. मला ते खपत नाही. वाडीचाही त्या शपथेवर तेवढाच विश्वास होता. बुधाई डोंगराची वाट चालायला लागली की बायामाणसं आपण होऊन तोंड फिरवायची, म्हणे. तिने पाहू नका म्हणायच्या आधीच यांनी डोळे मिटलेले.

एका वर्षी थंडी अशी पडली की दहिवराचं पाणी गोठलं. घराघरांत पोरं खोकायला लागली. बुधाई सगळ्यांची उस्तवार करत फिरली आणि शेवटी तिनेच अंथरूण धरलं. अंगात फणफणून ताप, उठायला गेली की तोल जायचा. नेमकी तेव्हाच तिची नात आजारी पडली. नात म्हणजे मेलेल्या मुलाची एकुलती लेक. केसांचा कायम गुंता, म्हणून सगळे तिला झिपरी म्हणायचे. घरात बुधाई, तिची सून धुरपा आणि ही झिपरी, एवढीच माणसं.

सकाळी झिपरीच्या बरगड्या आत ओढायला लागल्या. धुरपा सासूच्या पायाशी बसली.

"आत्याबाई, मला पाला सांगा. मी पळत जाऊन आणते."

"सांगितला तर त्यो पाला नुसतं गवत हुईल, धुरपे. मग हिला काय देऊ?"

"नगा सांगू. नुसती खूण करा."

बुधाईने नाही म्हणून मान हलवली. नातीवर तिचा जीव नव्हता असं नाही. उलट तेवढा एकच जीव तिला राहिला होता, म्हणूनच गुण घालवायची तिला भीती वाटली. ती काठी घेऊन उठली. अंगणात शेजारच्या बाया धुरपाला धीर द्यायला जमल्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढत ती डोंगराकडे निघाली. कोणी मागे येऊ नये म्हणून तिने हातानेच सगळ्यांना थोपवलं. आणि सगळ्यांनी, सवयीप्रमाणे, तोंडं फिरवली.

निम्म्या वाटेत ती पडली. पुढचा चढ रांगत गेली, असं सांगतात. उतरताना घसरत, बसत आली. उन्हं कलली तेव्हा ती ह्या दगडापाशी पोचली. घराकडून धुरपाचा हंबरडा ऐकू आला आणि बुधाई इथेच खाली बसली.

धुरपा धावत आली, तिच्यामागे वाडीतली माणसं. सासूची मूठ वळलेली, बोटांतून रक्त आलेलं. धुरपाने ती मूठ उघडली. आत काटेरी पाला होता, जांभळं फूल आणि पिवळी फळं लागलेला. रिंगणी. तुम्ही आता जिच्यापासून पाय सांभाळत आलात, तीच.

"ही?" धुरपा म्हणाली. "ही तर आपल्या कुडाला हाय, आत्याबाई. मी रोज उपटून टाकते."

बुधाईला ते ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण कुडापाशी माणसं होती. त्यांनी पाहिलं असतं.

तेवढ्यात खालच्या अंगाची एक बाई आपलं घरघरणारं पोर घेऊन आली. इथे काय घडलं ते तिला माहीत नव्हतं. बुधाईने त्या पोराकडे पाहिलं. मग सासऱ्याची शपथ तिने सगळ्या वाडीदेखत मोडली. धुरपाने कुडाजवळून आणि घरातून आणलेला सगळा जिन्नस पुढे ठेवला आणि बुधाई एकेक नाव ओरडून ठेचत गेली. रिंगणी. अडुळसा. तुळस. सुंठ.

काढा लागू पडला. पोराने कफ टाकला आणि ते आईला बिलगून झोपलं. वाडीला आनंद झाला असेल. बुधाईला मात्र तेच सोसलं नाही. काढा फुकट गेला असता, तर आपण नातीसाठी बरोबर केलं एवढं तरी मनाशी म्हणता आलं असतं. त्यानंतर त्या पाल्यांच्या नावांखेरीज ती काही बोललीच नाही, म्हणे. थंडी सरता सरता ती गेली. तिच्या जागी धुरपा पाट्यावर बसली. पहिल्याच दिवशी सुंठीनंतर तिने आणखी एक नाव घेतलं, आणि कोणी तिला अडवलं नाही.

आता तालुक्याला डॉक्टर आहे. पोराच्या बरगड्या ओढायला लागल्या तर आम्ही काढ्याच्या भरवशावर बसत नाही, थेट गाडीत घालतो. वाट बघण्याने काय होतं ते आम्हाला माहीत आहे. पण साध्या खोकल्याला आजही हाच पाटा, हीच नावं, आणि सगळ्यांत शेवटी झिपरी. लहान पोरांना वाटतं तोही एक पालाच. मग ती कुडाकुडाने झिपरी शोधत फिरतात, आणि आम्हा म्हाताऱ्यांना विचारतात, ती कशी दिसते.

हा बघा, काढा आला. कडू आहे, पण गरम आहे तोवर घ्या, ताई.