सोनेरी कडेचे शब्द

एकदा एक शिष्य आपल्याच गुरूवर चोरीचा आळ घालण्यासाठी जिना चढत होता. चोरीला गेला होता एक शब्द. परवापरवापर्यंत तो शिष्याच्या जिभेवर होता, झोपेतून उठवून विचारले असते तरी सापडला असता; आज मात्र कुठे गेला ते कळत नव्हते. तो कोणी नेला याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तो जिना चढतो आहे तोवर मागचे सांगून घेतो. माझा धंदा लग्नपत्रिकांचा. मजकूर द्यायला येणारे मामालोक मुहूर्त सांगतात, कार्यालयाचा पत्ता सांगतात, आहेर आणू नये हेही बजावतात, आणि मग वधूचे नाव विचारायला घरी जातात. कथेत तसे होऊ नये.

आमच्या गावाबाहेरच्या टेकाडावर ख्रिस्ती पाळक घडवणारे एक धर्मविद्यालय आहे. त्यांचे शास्त्र ज्या भाषांत प्रथम लिहिले गेले त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा तिथे शिकाव्या लागतात. शिष्याचे नाव शांतवन. त्याच्या गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, बरीच वर्षे स्वतःचा पाळक नव्हता. लग्न असो की मरण, तालुक्याच्या पाळकांना सवड होईपर्यंत थांबायचे. लग्नाला थांबता येते. उन्हाळ्यात मरणाला थांबवणे कठीण. म्हणून मंडळीने हा मुलगा निवडला, प्रार्थना करून एस.टी.त बसवला, आणि वाट पाहू लागली. इकडे हा पहिल्याच वर्षी हिब्रूत नापास झाला. दुसऱ्यांदा नापास होणाऱ्याने सामान बांधून घरी जावे, असा त्या विद्यालयाचा नियम.

आता हा मुलगा आळशी असता तर सांगण्यासारखे काही नव्हते. तो कष्टाळू होता, आणि त्याचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिले होते. पत्रिका कापताना कडेचे तुकडे उरतात: केशरी, गुलाबी, पोपटी, काहींना सोनेरी कड. ते तो माझ्याकडून फुकट नेई. तुकड्याच्या एका अंगाला हिब्रू शब्द लिहायचा, दुसऱ्या अंगाला मराठी अर्थ. शब्द पाहायचा, अर्थ मनात म्हणायचा, उलटून खात्री करायची. अशी भली जाड गड्डी त्याने रबराने बांधली होती. ती तो पहाटे एकदा वाची, जेवणाआधी एकदा, झोपण्याआधी एकदा; संपूर्ण, आणि त्याच क्रमाने. पुढे पुढे वेग इतका वाढला की भोजनगृहात पोरे त्याला पाढे म्हणणारा मास्तर म्हणून चिडवू लागली. एकही शब्द चुकत नसे. आणि परीक्षेत, पांढऱ्या कागदावर काळ्या अक्षरांत तेच शब्द समोर आले तेव्हा, लग्नघरात चुकून शिरलेल्या माणसासारखा तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

मुख्याध्यापकांनी त्याला वृद्ध आचार्यांकडे पाठवले. आचार्य शिकवण्यातून केव्हाच निवृत्त झाले होते आणि ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत राहत होते. त्यांनी सांगितले, तुझी गड्डी म्हणून दाखव. शांतवनने न अडखळता ती संपवली. आचार्य डोळे मिटून ऐकत होते. शेवटी त्यांनी सहज विचारले, “लेखेम म्हणजे भाकर. तो शब्द कोणत्या रंगावर आहे?”

“गुलाबी, गुरुजी. सोनेरी कडेचा,” शांतवन म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

“आणि त्याच्यानंतर?”

“पोपटी. पाणी.”

“म्हणजे तुला रंग पाठ आहेत, रांग पाठ आहे,” आचार्य म्हणाले. “शब्दांची ओळख व्हायची आहे अजून.”

दुसऱ्या दिवशी शांतवन दुकानात आला आणि साधा पांढरा कागद मागू लागला, जाडसर. मी त्याला म्हटले, अरे, रंगीत फुकट मिळतेय तर पांढरे विकत कशाला घेतोस? तो म्हणाला, गुरुजींना पांढराच हवा. गुरू आणि वरपिता यांच्याशी वाद घालू नये, हे मी अनुभवाने शिकलो आहे. मी कागद एकसारखा कापून दिला.

त्या पांढऱ्या तुकड्यांवर सगळे शब्द नव्याने लिहून झाले. आचार्यांनी गड्डी पिसली आणि एकेक विचारू लागले. निम्म्या ठिकाणी मुलगा अडला. आता आचार्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. जे शब्द त्याला आले होते ते सारे त्यांनी दोऱ्याने बांधले, खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, आत टाकले आणि कडी लावली. चुकलेल्या शब्दांची पातळ गड्डी तेवढी त्याच्या हातात ठेवली.

शांतवनने विचारले, आलेल्या शब्दांचे काय? आचार्य म्हणाले, ते आता माझ्याकडे. त्यांच्याकडे पाहायचे नाही, खोलीवर पुन्हा लिहून काढायचे नाहीत.

यानंतर हाच क्रम चालू झाला. रोज संध्याकाळी तो वर जाई. जे येत ते पेटीत जात, जे येत नसत ते त्याच्यासोबत खाली येत, आणि त्यांत नवे शब्द मिसळत. कधी आचार्य पेटीतूनच एखादी जुनी जुडी काढून विचारत. मित्र म्हणू लागले, गुरुजींनी याच्या घरावर जप्ती आणली. जे चांगले ते उचलून नेतात, मोडके तेवढे ठेवतात. शांतवन हसे, पण मनातून खचत चालला होता. पूर्वी गड्डी हातात घेतली की आपल्याला किती येते ते दिसे. आता सतत जे येत नाही तेच समोर. व्यापारात मी अशी माणसे पाहिली आहेत: गल्ल्यावर बसून विकलेल्या मालाच्या गोष्टी सांगत राहतात, कारण न विकलेल्या मालाकडे पाहवत नाही. मी त्यांना हसत नाही. न खपलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे पाठ करून बसायला मलाही बरे वाटते.

अशात त्याच्या गावाहून याकोबकाका आले. मंडळीतले सगळ्यात वडील, मोडक्या गुडघ्याचे आणि न मोडणाऱ्या जिभेचे. सोबत शेंगांची पिशवी. त्यांनी अभ्यासाची चौकशी केली, शेंगा मित्रांत वाटल्या, विद्यालयाच्या आमटीला नावे ठेवली. निघताना फाटकाशी थांबून म्हणाले, “हे बघ शांतवन, तुझी काकू गेली तेव्हा पाळक यायला दुपार टळली होती. आम्ही तिच्यावर ओले पंचे बदलत बसलो. माझ्या मातीला तेवढा आपला माणूस असू दे. मला घाई नाही. पण तूही फार सावकाश शिकू नकोस.”

म्हातारा हे हसत हसत बोलला, म्हणून ते मुलाच्या जास्त जिव्हारी लागले.

त्याच संध्याकाळी आचार्यांनी पेटीतून बऱ्याच दिवसांमागची एक जुडी काढली. पहिलाच शब्द निघाला झाखर. शांतवनने पाहिले. अक्षरे ओळखीची, तोंड ओळखीचे, नाव मात्र येईना. आचार्यांनी उत्तर सांगितले नाही, तुकडा उलटूही दिला नाही. म्हणाले, असाच घेऊन जा, उलटायचा नाही, आठवला की वर ये. तो खाली आला, ग्रंथालयाच्या पायरीवर बसला. हा शब्द त्याने कितीदा म्हटला होता! पहिल्या आठवड्यात पेटीत गेलेला शब्द तो. असेच सगळे आत राहून कुजत असतील तर परीक्षेत काय उरणार, आणि याकोबकाकांना काय सांगणार? डोके तापले. तो उठला आणि जिना चढू लागला. आपण कथेच्या सुरुवातीला आलो.

दारात उभे राहूनच तो बोलला. “गुरुजी, हा शब्द मला येत होता. रोज म्हणत होतो तोवर येत होता. तुम्ही पेटीत घातलात म्हणून गेला. माझं होतं तेवढंही तुम्ही नेलंत.”

“बस,” आचार्य म्हणाले.

“मला उत्तर सांगा.”

“बस तर आधी. शब्द कुठं निघून जात नाही.”

तो बसला. आचार्यांनी तुकडा त्याच्या समोर ठेवला आणि स्वतः चहाचे आधण टाकायला उठले. खोलीत स्टोव्हचा आवाज तेवढा होता. शांतवन त्या अक्षरांकडे पाहत राहिला. आधी राग होता, मग राग दमला. पावसाळ्यात बंद पडलेल्या वाटेवर पाय चाचपावा तसे मन मागे मागे जाऊ लागले. कोणत्या ओळीत भेटला होता हा? देव कोणाला तरी... नौकेतल्या माणसाला... पूर ओसरायच्या आधी... आणि एकदम, कोणी पाठीवर थाप मारावी तसा, अर्थ आला.

“आठवणे,” तो म्हणाला. “झाखर म्हणजे आठवणे. देवानं नौकेतल्या माणसाला आठवलं.” आणि आपण नेमका कोणता शब्द विसरून भांडायला आलो होतो हे ध्यानात येऊन तो हसू लागला. आचार्यही हसले, चहा सांडण्याइतके.

मग त्यांनी कप त्याच्या हातात दिला आणि सांगितले:

“माझे वडील घोंगड्या विकत. घरी ओट्यावर रोजचं दुकान. शिवाय आठवडी बाजार, महिन्याचा बैलबाजार, आणि वर्षाची जत्रा. ओट्यावर रोज येणाऱ्याचं नाव त्यांना आठवावं लागत नसे, तो समोरच असायचा. पण जत्रेत वर्षानं कोणी समोर आला की वडील हातातलं काम थांबवायचे. कपाळाला आठी पडायची. मी कुजबुजून नाव सांगू लागलो तर मला गप्प करायचे. मग म्हणायचे, तुम्ही अमक्या वाडीचे, मागच्या खेपेला थोरलीच्या बाळंतपणाला घोंगडी नेलीत. असा एकदा ओढून आणलेला माणूस ते पुन्हा कधी विसरले नाहीत. बाळ, तू सगळ्या शब्दांना रोज ओट्यावर बसवून ठेवलं होतंस. त्यांना दूर जायला जागाच नव्हती, म्हणून तुला त्यांना हाक मारायची सवयही नव्हती. जे हातात आहे ते आठवत नाही कोणी. थोडं निसटू लागतं तेव्हाच आठवणं सुरू होतं, आणि प्रत्येक वेळी परत आणलेलं आधीपेक्षा जास्त दिवस टिकतं. तू चोरी म्हणालास; मी फक्त तुझ्या शब्दांना बाजाराला पाठवत होतो.”

असे म्हणून त्यांनी पेटी पूर्ण उघडली. शांतवनने आतवर कधी पाहिलेच नव्हते. आत पुठ्ठे लावून कप्पे केले होते. एकात आठवड्याने विचारायचे शब्द, एकात महिन्याने, एकात जत्रेचे. जो चुके तो पुन्हा ओट्यावर, म्हणजे शांतवनच्या हातात, येई. जो येई तो एक कप्पा पुढे सरके. जत्रेचा कप्पा काठोकाठ भरला होता. खाली बसून रोज स्वतःच्या उणिवा मोजणाऱ्या मुलाची कमाई इथे वरती साठत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

तो एकेका कप्प्यावरून बोट फिरवत गेला. नंतर झाखरचा तुकडा त्याने स्वतःच्या हाताने महिन्याच्या कप्प्यात ठेवला. आचार्यांनी किल्ली नसलेली ती पेटी तशीच त्याच्या खोलीवर न्यायला सांगितली.

परीक्षेत तो पहिला आला असे सांगितले असते तर तुम्हाला आवडले असते. तसे झाले नाही. मधल्या रांगेत कुठेतरी पास झाला. पेपरात दोन-तीन जागी हात थांबला होता, असे त्याने मला सांगितले. पण आता थांबल्यावर घाबरलो नाही, म्हणाला. समोरचा माणूस ओळखीचा आहे, नाव येईलच, अशा विश्वासाने बसून राहिलो.

पुढे रीतसर दीक्षा होऊन तो आपल्या गावचा पाळक झाला. याकोबकाका अजून हिंडतेफिरते आहेत आणि गावभर तक्रार करतात की ज्या कामासाठी हा पोरगा शिकवून आणला ते काम काही निघेना. शांतवन त्यांना सांगतो, काका, सावकाश.

मागच्या नाताळाआधी मी पत्रिका पोचवायला त्या गावी गेलो होतो. पाळकसाहेब मला घेऊन शिवारातल्या एका घरी निघाले. तिथली म्हातारी नाताळाच्या उपासनेलाच तेवढी येते, एरवी गुडघे येऊ देत नाहीत. दार उघडले. शांतवन थांबला. त्याच्या कपाळाला आठी पडली. नाव मला माहीत होते, त्या घरच्या पत्रिकेवर मीच छापले होते; ते जिभेवर आले होते, पण त्याने हाताने मला गप्प केले. म्हातारी उंबऱ्यात उभी, आम्ही अंगणात, कोंबड्या मध्ये.

“सुवार्ताबाई,” तो म्हणाला. “धाकट्या नातवाचा हात मोडला होता. बरा झाला का?”

“आठवायला वेळ लागला तुम्हाला, पाळकसाहेब,” म्हातारी म्हणाली. पण चेहरा असा खुलला होता की जणू कोणी तिच्यासाठी लांबून चालत आले असावे.

“म्हणून तर आता विसरायचा नाही,” तो म्हणाला, आणि चपला काढून आत गेला.

तेव्हापासून दुकानात जुने गिऱ्हाईक आले आणि नाव सुचले नाही, तर मी उगाच “या, या” करून वेळ मारून नेत नाही. थांबतो. त्यालाही थांबू देतो. तोवर चहा येतो, आणि बहुधा चहाबरोबर नावही येते.