त्रिंबकसरांची निरगाठ

ऐका तर. फार वर्षांपूर्वी, आमच्या निंबोऱ्याच्या कॉलेजात बास्केटबॉलचं मैदान म्हणजे नुसता मुरूम होता, तेव्हा तिथे त्रिंबकसर आले. मुलींच्या संघाला त्यांनी छत्तीस वर्षं शिकवलं, आणि छत्तीस वर्षं त्यांच्या जिवाला घोर होता. कसला, ते सांगते.

पहिल्याच वर्षी एका सामन्यात शेवंता नावाची पोर त्यांना म्हणाली, "सर, बुटाची नाडी सुटलीय." सर खेळाच्या नादात. म्हणाले, "राहू दे गं, पळ आधी!" ती पळाली, नाडीत पाय अडकला, गुडघा मोडला. पुन्हा काही ती खेळली नाही.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी सर खाली बसायचे आणि एकेकीच्या नाड्या स्वतः बांधायचे. तीही निरगाठ! घरी गेल्यावर दातांनी सोडवावी लागायची. पोरी वैतागायच्या, "सर, आम्ही काय बालवाडीत आहोत?" पण सर ऐकतील तर शपथ. वाकून वाकून त्यांची कंबर तशीच राहिली, असं म्हणतात. खेळ सुरू झाला की बास्केटकडे त्यांचं लक्षच नसे, पाच पोरींच्या दहा बुटांवर डोळे. झोपेतसुद्धा त्यांची बोटं गाठ मारायची, असं म्हणतात.

मग आला सरांचा शेवटचा सामना. सर खाली बसले आणि बोटं थरथरायला लागली. गाठ काही बसेना. पंच घड्याळ बघतायत, पोरी पाय पुढे करून बसल्यायत, सरांना दरदरून घाम फुटलाय. "थांबा हो, एवढ्यात शिट्टी मारू नका," ते काकुळतीला आले.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई लंगडत खाली आली. शेवंता! केस पिकलेले. तिने सरांशेजारी बसकण मारली आणि एकेक नाडी बांधत गेली. "सर, मी कधीच राग धरला नव्हता हो," ती म्हणाली. "सांगायला मात्र फार उशीर केला. माझं चुकलं." सर लहान पोरासारखे रडले.

त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात कुणाच्या बुटाची नाडी सुटली नाही, असं म्हणतात. सामना कोण जिंकलं? ते कुणालाच आठवत नाही बघा.

आजही निंबोऱ्यात सामन्याआधी कुणी आपली नाडी आपण बांधत नाही. पोरी एकमेकींच्या बांधतात. शेवटच्या पोरीने पाय पुढे करून बसायचं, बघायला आलेल्यांतलं कुणीतरी उठून येईपर्यंत. तोवर शिट्टी वाजत नाही आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. मागच्या खेपेला मी उठले. हात असे कापत होते माझे, गाठ बसेना.

पोर म्हणाली, "सावकाश, आज्जी. घाई नाहीये."