यवनटेकावरचं टाकं

कुडवण्याच्या खाडीवर जो बोडका डोंगर उभा आहे, त्याला यवनटेक म्हणतात. माथ्यावर काळ्या कातळात खोदलेलं एक टाकं आहे. त्याला झरा नाही, आणि पावसाचं पाणीही तळाच्या भेगांतून झिरपून जातं. तरी वर येणारा प्रत्येक माणूस खालून पाणी आणून त्यात ओततो. असं का, हे पाहुण्यांनी विचारलं की म्हातारे भागोजी गुरव त्यांना कातळावर बसवतात आणि सांगू लागतात.

फार जुन्या काळी या खाडीत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं येत. त्यांतल्या एकातून दोन मित्र उतरले, दामोन आणि लिकोस. इथल्या लोकांच्या तोंडी ते दमन आणि लिकस झाले. त्यांच्या मुलखात म्हणे जग कशाचं बनलं यावर पंडित जन्मभर भांडत. कोणी म्हणे विस्तवाचं, कोणी म्हणे वाऱ्याचं. लिकसचं मत असं की सगळं पाण्यातून झालं. दगडसुद्धा थिजलेलं पाणीच. दमन म्हणे, न फुटणारे बारीक कण आणि त्यांच्यामधली पोकळी, एवढंच जग. तिसरं काही नाही.

भांडत भांडतच दोघं एका पंगतीला जेवत. लिकसनं इथलीच सामिका नावाची मुलगी केली, तेव्हा लग्नात दमन भावासारखा राबला.

पुढे दोघांभोवती शिष्य जमले आणि वादाला धार आली. बंदरातल्या व्यापाऱ्यांनी डोंगरातलं एक लेणं विद्येसाठी द्यायचं ठरवलं. ते कोणाला द्यायचं, म्हणून सभा भरली. लिकस पाण्याचा महिमा रंगवून सांगत होता. दमन बसल्या जागेवरून म्हणाला, "दगड म्हणजे पाणीच ना? मग एखादा पिऊन दाखव."

सभा खो खो हसली. लिकस हसला नाही. त्यानं यवनटेकाकडे बोट केलं आणि शपथ घेतली, "त्या कातळातून मी पाणी काढीन. ते लागेपर्यंत दुसरं पाणी तोंडात घेणार नाही."

तो वर जाऊन एकटाच कातळ फोडू लागला. दिवस उन्हाळ्याचे होते. त्याचे ओठ फुटले, जीभ सुजली. सामिका दमनच्या दारी आली.

"भाऊजी, सभेत एकदा म्हणा की त्यांचं खरं असेल. तेवढ्यानं ते खाली येतील."

"जे खोटं आहे ते मी खरं कसं म्हणू, वहिनी?"

"तुमच्या कणांना तहान लागत नसेल," ती म्हणाली आणि निघून गेली.

ते बोलणं दमनला जेवू देईना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे उन्हाला भिऊन घरात असताना, त्यानं बंदरातल्या विहिरीचं पाणी घागरीत भरलं आणि डोंगर चढला. लिकस खड्ड्याच्या कडेला ग्लानीत पडला होता. दमननं घागर आवाज न करता खड्ड्यात रिती केली. मग त्याला हलवून म्हणाला, "लिकस, ऊठ. पाणी लागलं. मी हरलो."

लिकसनं डोळे उघडले. पाणी पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते दमनला मरेपर्यंत विसरता आलं नाही. दमननं ओंजळ त्याच्या ओठांना लावली. लिकसनं एक घोट घेतला आणि थांबला.

"मचूळ आहे," तो म्हणाला. "हे खालच्या विहिरीचं."

दमननं रिकामी घागर पाठीमागे सरकवली.

"म्हणजे दगडात काही नव्हतंच." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. दमननं हातापाया पडून पाहिलं, पण त्यानं दात उघडले नाहीत. ऊन उतरायच्या आत तो गेला.

लोक वर आले तेव्हा खड्ड्यात पाणी होतं आणि मेलेल्याचे ओठ ओले होते. लिकस जिंकला, असा गजर झाला. सामिकेनं फक्त दमनकडे पाहिलं. दमन म्हणाला, "हो, पाणी लागलं. त्याचंच खरं होतं."

लेणं लिकसच्या शिष्यांना मिळालं. दमनचे शिष्य त्याला सोडून गेले. टाकं आटलं तर मित्राचं हसं होईल, म्हणून तो रोज दुपारी घागर घेऊन चढत राहिला. पाठीला बाक आला, तरी चढत राहिला. त्याच वाटेवर एकदा तो कोसळला, आणि मग टाकं आटलं.

दमननं सामिकेपाशी कधीच सगळं कबूल केलं होतं. तेव्हा तिनं ते लोकांना सांगितलं. पण ते कोणाला नको होतं. खुन्नस धरून दमननंच मरताना पाणी शापलं, असं लोकांनी ठरवलं आणि शाप उतरावा म्हणून ते स्वतः घागरी आणून ओतू लागले.

गुरव म्हणतात, त्यांच्या घराण्यात ही हकिकत सामिकेपासून चालत आली. ती ते सांगतात, लोक ऐकून घेतात, आणि पुढे आपला रिवाज पाळतात. आजही टाक्यात पाणी ओतताना माणसं लिकसबाबाच्या नावानं हात जोडतात आणि उतरताना, वाटेवर दमन कोसळला तिथे मांडलेल्या त्याच्या दगडावर थुंकतात.