निर्गुडीच्या पानातलं तेल

कितीतरी पिढ्यांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक वैद्य राहत असे. सूज कसलीही असो, त्याच्या निर्गुडीच्या काढ्याने शेकली की तिसऱ्या दिवशी उतरायची. वैद्यबुवांना त्याचा भारी अभिमान. एवढं यश आल्यावर तो कुणाला होणार नाही म्हणा!

मग त्यांची बायको वारली, आणि काढ्याचा गुणही गेला.

पाला तोच, पाणी तेच, भांडंही तेच. पण गावच्या कुंभाराच्या हातांची सूज उतरेना. महिनाभर चाक बंद होतं. बोटं अशीच आखडली असती, तर त्याची कुंभारकी कायमची संपली असती.

पानात असतं तरी काय, हे शोधायला बुवा बसले. पान चोळलं, बोटांना उग्र वासाचं तेल लागलं आणि बघता बघता उडून गेलं. बुवा म्हणाले, "टिकत नाही ते काय कामाचं!" मग पाला वाटून कडू रस काढला, जाळून राखेतला खार काढला. दोन्ही लावून पाहिले. हात तसेच. दिवस कलला तरी बुवा उपाशीच होते. ती असती तर दोनदा तरी हाक मारून गेली असती.

शेवटी कुंभारानेच विचारलं, "बुवा, काढ्यावर झाकण ठेवता ना?"

"छे! उघडाच उकळायचा. आमच्या आजोबांपासूनची रीत आहे."

"मग वहिनींनी माझ्याकडून घट्ट बसणारं झाकण कशाला करून नेलं? म्हणायच्या, वासातच तेल असतं, ते उडालं की उरतं नुसतं कडू पाणी. तुम्ही ओसरीवर गेलात की झाकायच्या."

"मला कधी बोलली नाही!"

"बोलल्या होत्या, एकदा. तुम्ही म्हणालात, तू तुझी चूल सांभाळ."

बुवा उठले. फडताळातून झाकण काढलं आणि नवा काढा ठेवला.

चौथ्या दिवशी कुंभाराची मूठ वळली, आठव्या दिवशी चाक फिरलं. गाव बुवांची वाहवा करू लागलं. "औषध माझं नाही, तिचं आहे," बुवा दारोदार सांगत फिरले. साऱ्या गावाने ते ऐकलं. जिला सांगायचं होतं, तिने मात्र ऐकलं नाही.

तात्पर्य: घरच्या माणसाचं शहाणपण, ते माणूस घरात असतानाच विचारून घ्यावं.